पोटखराबा

रविवारी सकाळी आमच्या औंढ्याच्या रस्त्यावर एक तरी गाडी थांबतेच. काच खाली होते, आतून आधी गाण्याचा आवाज बाहेर येतो आणि मागोमाग एक डोकं. "काका, इथे बघण्यासारखं काय आहे?" लोणावळ्याहून पवना धरणाकडे निघालेली ही मंडळी. दुधिवऱ्याची खिंड, लोहगड, तिकोना, पाण्याकाठचे तंबू, सगळं त्यांच्या फोनमध्ये असतं, तरी विचारतात. पूर्वी मी उत्साहाने सांगत बसायचो. हल्ली "खिंडीतून छान दिसतं, पुढे जा" एवढं सांगून मोकळा होतो.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या फेब्रुवारीत हाच प्रश्न मी स्वतः विचारला. जैसलमेरपासून साठेक किलोमीटरवर, राष्ट्रीय मरू उद्यानातल्या सुदासरी नावाच्या जागी, उंटगाडीत बसल्या बसल्या. "इथे बघण्यासारखं काय आहे?" गाडी हाकणाऱ्याने मागे वळूनही बघितलं नाही. "जो है, यही है साब," एवढंच म्हणाला. मी गप्प बसलो. रविवारच्या गाडीतल्या माणसाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला आणि तो माझ्याच चेहऱ्यासारखा होता.

पण मी तिथे गेलो कशाला? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

२००३ साली मी नोकरीनिमित्त सोलापुरात होतो. कचेरीतल्या एका सहकाऱ्याला पक्ष्यांचा नाद होता. एका रविवारी त्याने मला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि बार्शी रस्त्याने नान्नजला नेलं, माळढोक दाखवायला. मावळात वाढलेला माणूस मी. जून ते सप्टेंबर चार महिने आकाशच न दिसणाऱ्या, चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखातला. माझ्या लेखी रान म्हणजे हिरवं, ओलं, चढउताराचं. नान्नजला बघतो तर नजर पोहोचेल तिथवर गुडघाभर वाळलेलं गवत आणि त्यावर ऊन. तासाभराने सहकाऱ्याने माझ्या हाताला धरून एका दिशेला वळवलं. लांबवर एक पक्षी चालत होता. उंची चांगली मीटरभर, मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी. एखादा वयस्क गृहस्थ शेतावर फेरी मारायला निघावा तसा, घाई नाही, थांबणं नाही. पाच-सात मिनिटं दिसला असेल. सहकाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी मात्र (आज लिहायला लाज वाटते) घड्याळाकडे बघून म्हणालो, "चला, जेवायला कुठे जायचं?"

त्यानंतर बदली झाली, नान्नज विसरलो. निवृत्त झाल्यावर वर्तमानपत्रातून कळत गेलं की तिथले माळढोक कमी होत होत एखाददुसऱ्यावर आले आहेत. मग जगात किती उरले? तर दीडशेच्या आत, आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या बाजूला. माळढोकाची मादी साधारणपणे वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणजे एक पक्षी गेला की तो भरून यायला किती वर्षं लागतील याचा हिशोब करा. आपण पाच मिनिटांत ज्याला निरोप दिला तो पुन्हा भेटणार नाही, हे मनाला लागून राहिलं. म्हणून गेलो.

जैसलमेरहून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर सम नावाचं गाव लागतं. वाळूच्या टेकड्या आहेत, म्हणून सगळे पर्यटक तिथे जातात. तंबूंच्या रांगा, जीपगाड्या, रात्री मोठ्या आवाजात गाणी. मला हसूच आलं. एवढ्या लांब येऊन पवनेच्या काठावरच उतरल्यासारखं वाटलं! फक्त पाण्याच्या जागी वाळू. पण सम सोडून आणखी पुढे गेलं की माणसं संपतात. आणि गंमत म्हणजे वाळूही कमी होते. वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या ही आपली चित्रपटातली समजूत. मरू उद्यानाचा मोठा भाग म्हणजे खडकाळ सपाट माळ आणि गवत. सेवण नावाचं गवत, वर्षाला दोनशे मिलिमीटरसुद्धा पाऊस नाही अशा जागी वर्षानुवर्षं तग धरून राहणारं. मधूनच एखादी खेजडी, केरची झुडपं आणि आपल्याकडे मारुतीला वाहतात ती रुई. तिला तिथे आक म्हणतात. ओळखीचं माणूस परगावी भेटावं तसं वाटलं.

हे उद्यान ३१६२ चौरस किलोमीटरचं आहे, जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेलं, १९८० साली जाहीर झालेलं. सत्तरहून अधिक गावं त्याच्या हद्दीत आहेत. आपण 'अरण्य' म्हणतो तसं दाट काही नाही. झुडूप कमरेच्या वर क्वचितच जातं. पहिला तास मला फार जड गेला. खरं सांगतो, मी कंटाळलो. मग हळूहळू डोळ्यांना सवय झाली असावी. मातीच्या रंगाचं काहीतरी हललं, ती चिंकारा हरणं निघाली. एका बिळाच्या तोंडाशी सांडा ऊन खात बसला होता, चाहूल लागताच आत. पखुर्ड्यांचा थवा डोक्यावरून गेला. गिधाडं तर इतकी की आमच्याकडे लहानपणी मेलेल्या गुराभोवती बसलेली गिधाडं आठवली. आमच्याकडे आता ती दिसत नाहीत. एका खोकडाने आमच्याकडे बराच वेळ टक लावून बघितलं आणि मग, 'यांच्यात काही बघण्यासारखं नाही' असं ठरवल्यासारखा निघून गेला.

माळढोक त्या दिवशी दिसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षकाने आपली दुर्बीण माझ्या हातात दिली. फार लांब, गवतात तीन मानी. तिथे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा तो राज्यपक्षी आहे. तीन मिनिटं बघितलं असेल. यावेळी घड्याळाकडे बघितलं नाही.

त्या तीन मानींच्या मागे, क्षितिजावर, पवनचक्क्या फिरत होत्या आणि विजेचे मनोरे एकामागून एक उभे होते. माळढोक हा जड पक्षी, नर तर पंधरा किलोपर्यंत भरतो. त्याला समोरचं नीट दिसत नाही आणि वजनामुळे झटकन वळताही येत नाही. उडताना तारेला धडकतो आणि मरतो. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तारा जमिनीखाली घालायचा आदेश दिला होता. मार्च २०२४ मध्ये न्यायालयानेच एवढ्या मोठ्या क्षेत्रावर तसं करणं व्यवहार्य नाही म्हणून आदेश बदलला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. सूर्याची आणि वाऱ्याची वीज आपल्याला हवीच आहे. माझ्या घरातला पंखा कशावर चालतो? तेव्हा तारा ओढणाऱ्याला शिव्या देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. हे सगळं उभारायला नेमका हाच माळ का सापडला?

तर सांगायचा मुद्दा असा, की तो सापडला नाही, तो कागदावर आधीपासून रिकामाच होता.

आपल्या सातबाऱ्यावर एक रकाना असतो, पोटखराबा. लागवडीला अयोग्य क्षेत्र. इंग्रजांनी जमीन मोजली ती साऱ्यासाठी. जिच्यातून पीक निघत नाही, सारा येत नाही, ती खराब. त्यांच्या दृष्टीने हिशोब बरोबरच होता. पण इंग्रज गेले, खराबा राहिला. आजही सरकारचा एक 'पडीक जमिनींचा नकाशासंग्रह' निघतो, २०१९ च्या आवृत्तीत देशाची सुमारे १७ टक्के जमीन पडीक दाखवली आहे. त्यात खरोखर नासलेल्या जमिनी आहेत, तसे गवताळ आणि झुडपी माळही आहेत. एकदा पडीक म्हटलं की पुढचं सगळं सोपं. पडीक जागेवर काहीही केलं तरी ती सुधारणाच! कारखाना काढा, पॅनेल लावा, प्लॉट पाडा.

जैसलमेरकडे ओरण असतात. ओरण म्हणजे आपली देवराईच, देवीच्या नावाने राखलेलं रान. कुऱ्हाड चालवायची नाही, गुरं मात्र चरतात. फरक एवढाच की आपल्या देवराईत झाडी किर्र असते आणि त्यांच्या ओरणात गवत आणि विरळ खेजड्या. यातल्या कित्येक ओरणांची नोंद महसुली दफ्तरात सरकारी पडीक म्हणून झालेली, त्यामुळे वीज प्रकल्पांना जमिनी देताना त्यांचाही नंबर लागला. देगराय ओरणासाठी तिथल्या लोकांना आपल्याच रानासाठी मोर्चे काढावे लागले. पिढ्यान्पिढ्या ज्याला देवीचं म्हणून हात लावला नाही, ते कागदावर कुणाचंच नव्हतं.

आणि आपण निसर्गप्रेमी म्हणवणारे काय करतो? झाडं लावतो. दर पावसाळ्यात आमच्या बाजूला शहरातून बसगाड्या येतात, एकसारखे टी-शर्ट घातलेली हौशी मंडळी उतरतात, माळावर खड्डे घेतात, रोपं लावतात, फोटो काढतात. २०१९ च्या पावसाळ्यात तर राज्यभर ३३ कोटी झाडं लावायचं लक्ष्य होतं. हेतूबद्दल मला शंका नाही. मीही लावली आहेत. गिरिपुष्पाच्या काठ्या खोचून आलो आहे आणि घरी येऊन समाधानाने झोपलो आहे. पण माळ म्हणजे झाडं नसलेलं जंगल नव्हे. टिटवीला, चंडोलाला, सशाला, लांडग्याला, काळविटाला मोकळं गवतच लागतं. माळढोकाला तर चारी बाजूंनी लांबवर दिसल्याशिवाय चैन पडत नाही. त्याच्या माळावर दाट झाडी उभी केली तर आपण त्याला घर दिलं नाही, घराबाहेर काढलं. टक्कल पडलेल्या माणसाला टोप घालावा तसे आपण माळाला झाडं घालतो. त्याला टक्कल नाहीये हो, त्याचे केसच आखूड आहेत!

इथे कुणी म्हणेल, काका, राजस्थान बघून आलात आणि भाषण ठोकताय. माळढोकाचं प्रेम ज्यांच्या बांधावर तो आहे त्यांना विचारा. अगदी बरोबर. आणि हीच या विषयातली अवघड जागा आहे, ती टाळून चालणार नाही.

सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णींसारख्या पक्षीमित्रांनी सत्तरच्या दशकात नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधलं, १९७९ साली अभयारण्य झालं. छानच झालं. पण ते केवढं? ८४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि नगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यांतले मोठमोठे भाग, त्यात शेतं, गावं, बाजारपेठासुद्धा. पक्षी होता काही माळांवर, रेघ मारली अख्ख्या मुलखाभोवती. मग जमिनीचे व्यवहार अडले, बिगरशेतीची परवानगी अडली, मुलीच्या लग्नाला जमीन विकायची तर अडचण. शेतकऱ्याला माळढोक दिसायचा तो पक्षी म्हणून नव्हे, आडवा पडलेला कागद म्हणून. शेवटी २०१२ च्या सुमाराला ते क्षेत्र कमी करून १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर लोकांच्या मनातली अढी पक्की झाली होती आणि पक्षीही जायला लागले होते. मरू उद्यानातल्या गावांचीही हीच तक्रार मी ऐकली. रस्ता नाही, वीज नाही, का तर उद्यान. ज्या पक्ष्यासाठी गावात दिवा नाही, त्याच पक्ष्याच्या आकाशातून शहराकडे विजेच्या तारा जातात, हे त्या माणसाला तुम्ही कसं समजावून सांगणार? मला तरी सांगता आलं नाही.

म्हणून माझं म्हणणं दोनच गोष्टींचं आहे. एक, कागदावरचा शब्द बदला. शेती, जंगल, गावठाण यांच्यासारखी 'गवताळ माळ' ही स्वतःची नोंद असू द्या. नाव मिळालं की निदान त्याच्याविषयी विचारावं तरी लागतं. आणि दोन, तो माळ राखणाऱ्याला त्याचे पैसे द्या. दंड नको, बंदी नको, मोबदला द्या. पक्षी साऱ्या देशाचा असेल तर त्याचा खर्च एकट्या नान्नजच्या किंवा समच्या माणसाने का भरायचा? संरक्षित प्रजननासाठी २०१९ पासून जैसलमेरकडे अंडी गोळा करून पिल्लं वाढवतात, ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातूनही पिल्लू जन्माला आलं. शास्त्रज्ञांनी खरोखर कमाल केली आहे. पण ती पिल्लं मोठी झाल्यावर सोडायची कुठे? माळ तर शिल्लक पाहिजे ना.

माझी एक मावसबहीण ऑस्ट्रेलियात असते. तिथल्या मध्यभागच्या वाळवंटात उलुरू नावाचा प्रचंड तांबडा खडक आहे, तोही राष्ट्रीय उद्यानात. जगभरची माणसं तो चढायला जायची. तिथले मूळ रहिवासी अनंगू लोक वर्षानुवर्षं विनंती करत होते की ही आमची पवित्र जागा आहे, कृपा करून चढू नका. ऑक्टोबर २०१९ पासून चढणं कायमचं बंद झालं. ती त्यानंतर जाऊन आली. मी विचारलं, मग करायचं काय तिथे जाऊन? म्हणाली, "काही नाही रे दादा, खाली बसायचं आणि बघायचं." लोहगडाच्या वाटेवर रविवारी होणारी चेंगराचेंगर बघणाऱ्या मला ते ऐकून हेवा वाटला. जागा वापरल्याशिवाय ती बघता येते, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही.

आता घरचं सांगतो, म्हणजे हे सगळं कुठून आलं ते कळेल.

औंढ्यात आमचा एक माळ आहे, वडिलोपार्जित. खाली भाताची खाचरं, वर चढ आणि त्यावर सपाटी. वीतभर माती, खाली कातळ. सातबाऱ्यावर अर्थातच पोटखराबा. लहानपणी गुरं तिथेच चरायची, उरलेलं गवत कापून गंजी रचायची आणि बाबा त्यावर आणखी काही करायचे नाहीत. "त्याला त्याच्या पद्धतीने राहू दे," म्हणायचे. गेल्या दिवाळीत एक एजंट आले. बंगल्यांची योजना, समोर डोंगर, पावसाळ्यात धुकं. भाव असा सांगितला की आम्ही दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिलो. "तशी पडीकच आहे सर, तुम्हाला काय उपयोग?" मलाही पटलं होतं. धाकट्याच्या मुलीला पुढे शिकायला पाठवायचं आहे, खर्च मोठा आहे, तो विकायला तयार. मी म्हटलं, राजस्थानला जाऊन येतो, आल्यावर सही करतो.

आलो, आणि एका संध्याकाळी माळावर जाऊन बसलो. साठ वर्षांत प्रथमच, काही काम नसताना. मार्च महिना, गवत पार वाळलेलं, कुसळं धोतरभर. अर्धा तास काही नाही. मग माळटिटवी ओरडली, बहुतेक मीच तिच्या घरट्याच्या फार जवळ बसलो होतो. उठून लांब गेलो. एक चंडोल सरळ वर चढला आणि तिथूनच गात राहिला. सूर्य तुंगाच्या अंगाला उतरेपर्यंत मी काय काय मोजलं ते इथे लिहीत नाही, तुम्ही हसाल.

सही अजून केलेली नाही. धाकट्याला म्हटलं, तुझा वाटा मी घेतो, एजंटाचा भाव मला झेपणार नाही, पण निवृत्तीच्या पैशांतून आणि पुढे हप्त्याने जेवढं होईल तेवढं देतो, पोरीची पहिल्या वर्षाची फी आधी. तो चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही. बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "दादा, गवत विकत घेतोयस तू." म्हटलं, हो. त्याच्या मुलीचं नुकसान होतंय हे मला कळतं. ते पूर्ण भरून देण्याइतका मी श्रीमंत नाही, आणि माळ राखल्याबद्दल मलाही कुणी काही देणार नाही. वर मोबदल्याचं जे म्हटलं ते म्हणूनच म्हटलं. सगळ्यांनाच असा एखादा हट्टी मोठा भाऊ असतो असं नाही.

असो. परवाच्या रविवारी पुन्हा एक गाडी थांबली. "काका, इथे बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, वेळ किती आहे तुमच्याकडे? ते म्हणाले, दहा मिनिटं. मग नेहमीप्रमाणे खिंडीकडे बोट दाखवलं.